बोहणीच्या वेळचे होकार

पुंजाजी माळ्याला इंग्रजी येत नव्हते. वाशीमात त्या काळी इंग्रजी न येणारी माणसे पुष्कळ होती आणि त्यांच्यापैकी कोणाचे त्यावाचून अडत नव्हते. पुंजाजीचे मात्र एका हिवाळ्यात अडले. ते साल दुसऱ्या महायुद्धाच्या आदले.

अनसिंगच्या वाटेवर, वेशीबाहेर, त्याचा मळा होता. वांगी, मेथी, मुळे, थंडीत लसूण. मळ्यात विहीर, विहिरीशेजारी आंबा आणि आंब्यापासून थोड्या अंतरावर एक उंच बांबू. आंबा आणि बांबू यांच्यामध्ये तांब्याची तार ताणलेली होती. एवढी चांगली तार असून तिच्यावर कोणी धोतर वाळत घालीत नाही, याचे वाटसरूंना नवल वाटे. तारेचे एक टोक खाली झोपडीत शिरत होते. झोपडीत कांद्याच्या ढिगाला लागून एक टेबल होते, आणि टेबलावर वाशीमच्या हौशी बिनतारी मंडळाचे यंत्र होते.

यंत्र मूळ हिरालाल तारबाबूंचे. तारऑफिसात जन्म काढलेला माणूस पेन्शनीत गेला की तारेचे नाव काढत नाही, असा अनुभव आहे. हिरालालबाबूंना मात्र घरी करमेना. त्यांनी सरकारातून परवाना आणला, जुळवाजुळव करून यंत्र उभे केले आणि घराच्या कौलांवर तार बांधायला काढली. घरमालकाने हात जोडले. तार वीज ओढून घेते, आणि वीज कोणत्या खोलीत भाडेकरू आहे ते पाहून पडत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. रोजची भाजी घालणारा पुंजाजी तेव्हा दाराशी होता. तो म्हणाला, मळ्यात बांधा, वीज पडलीच तर आंब्यावर पडेल, आणि आंबा तसाही धरत नाही.

एकट्याच्या यंत्राचे मंडळ कसे झाले, तेही सांगितले पाहिजे. वाशीमात तेव्हा वीज आलेली नव्हती. यंत्र बॅटरीवर चाले आणि बॅटरी भरायची तर ती कापसाच्या जिनिंगच्या इंजिनाला नेऊन लावावी लागे. म्हणून इंजिन चालवणारे भाऊसिंग सभासद झाले. बांबू किसनसिंग नायकाच्या तांड्यावरून आला, म्हणून नायक सभासद झाले. पंजाबराव मास्तरांना दिल्लीच्या बातम्या ऐकायच्या होत्या. त्र्यंबकराव वकिलांना काहीच ऐकायचे नव्हते, परंतु मंडळ म्हटले की अध्यक्ष लागतो. आणि जागा पुंजाजीची, म्हणून पुंजाजी.

पुढे हिरालालबाबूंचा, म्हणजे सगळ्यांच्या बाबूजींचा, गुडघा धरला. ते रविवारी बैलगाडीतून मळ्यात येत, एरवी घरीच. पण त्याआधी त्यांनी पुंजाजीला यंत्राची चावी, म्हणजे तारेची अक्षरे ठोकायचा खटका, शिकवून ठेवली होती. चावीची भाषा म्हणजे टिचकी आणि लांब टिचकी, एवढ्यावर सगळा कारभार. पुंजाजी यात फार हुशार निघाला असे नाही. दोन अक्षरांची तो शेवटपर्यंत अदलाबदल करीत असे आणि त्याचा हात मोटेच्या बैलासारखा चाले, सावकाश. पण मध्येच थांबत नसे. अक्षरे त्याला कानाने ठाऊक होती, कागदावर नव्हती. त्यांचे शब्द काय होतात हे त्याने कधी विचारले नाही, कारण त्याच्या कामाला ते लागत नव्हते.

त्याचे काम एकच होते. दिवे लागायच्या सुमारास, वाफ्यांना पाणी देऊन झाले की तो चावीवर बसे आणि सिलोनातला एक माणूस त्याला उत्तर देई. मी अमुक, तू कोण, तुझा आवाज बरा येतो, माझा कसा येतो, रामराम. बाबूजींनी एवढीच घोकंपट्टी करून घेतली होती. त्या माणसाचे नाव, धंदा, वय, जात काहीही पुंजाजीला माहीत नव्हते. तरी एखाद्या संध्याकाळी तो भेटला नाही तर पुंजाजीला जेवण गोड लागत नसे. त्याची बायको हौसाबाई याला भीत नसे, पण नावे ठेवी.

"लंकेत कोन राह्यते ते साऱ्या दुनियेले मालूम हाय," ती म्हणे. "याले तेवढाच सोबती भेटला."

तर अशा वेळी नागपूरहून प्रांतिक संघाचे पत्रक आले. हौशी लोकांच्या नियमांत सरकार काही बदल करू पाहत आहे. तरी प्रत्येक शाखेने प्रत्येक सभासदाचे मत समक्ष घेऊन पंधरवड्यात कळवावे. जे कळवणार नाहीत त्यांची संमती धरली जाईल. पुढे कलमे होती. तार किती उंच असावी, बॅटरी कोठे ठेवावी, असली. त्यांतल्या एका कलमात लिहिले होते की ज्या सभासदास इंग्रजी लिहिता-वाचता येत नाही, त्याने चावीस हात लावू नये.

बाबूजींनी सगळे मराठीत समजावून सांगितले. या कलमापाशी आल्यावर त्यांना खोकला आला.

पुंजाजीने ऐकून घेतले. मग मते कोण गोळा करणार, असे विचारले. बाबूजींचा गुडघा सगळ्यांना ठाऊक होता. सभा बोलवावी तर मंडळाची सभा यंत्राभोवती भरे आणि गाणी लागली की ठराव राहून जात. शेवटी पुंजाजीच म्हणाला की भाजी दारोदार मीच नेतो, मतेही मीच आणतो. आपल्या विरुद्धच्या कलमावर आपणच मते मागायची यात त्याला काही वावगे वाटले नाही. उलट तो निश्चिंत होता. ज्या लोकांनी इतकी वर्षे आपली वांगी खाल्ली, ते आपल्याला चावीवरून उठा म्हणणार नाहीत, असा त्याचा हिशोब होता.

एवढी मोठी गोष्ट विचारायची ती उरल्यासुरल्या भाजीबरोबर विचारू नये, हे त्याने स्वतःच ठरवले. माळ्याच्या हाती कोणाचा मान राखायचा तर एकच प्रकार असतो: सकाळचे पहिले, भरले टोपले त्याच्या दारी उतरवायचे. तेव्हा रोज एका सभासदाकडे आधी जायचे, तिथे पहिल्या विक्रीची बोहणी करायची, मत घ्यायचे, आणि मग बाकीचे गाव.

पहिला मान अध्यक्षांचा. त्र्यंबकराव वकील ओट्यावर तोंड धूत होते. पुंजाजीने ओल्या फडक्याने झाकलेले टोपले खाली ठेवले, बोहणी तुमच्या दारी आहे म्हणाला आणि कलमे सांगितली. वकिलांनी टोपल्याकडे पाहिले, पुंजाजीकडे पाहिले आणि प्रत्येक कलमाला "हो" म्हटले. इंग्रजीच्या कलमाला जरा थांबून म्हटले, पण हो म्हटले. मग मुळ्यांची जुडी घेतली. वकिलांच्या घरात मुळा कोणी खात नसे. पुंजाजीला हे माहीत होते. त्याने तेवढ्यावरून शहाणे व्हायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मास्तर. हो. जिनिंगच्या फाटकाशी भाऊसिंग. हो, हो, आणि कोथिंबीर. बाजाराच्या दिवशी किसनसिंग नायक खरेदीला येत, त्यांना पुंजाजीने वेशीतच गाठले. नायकांनी पुरते ऐकण्याआधीच हो म्हटले आणि वांगी घोंगडीत बांधून घेतली, जरी तांड्याच्या परसात वांगी होती.

पुंजाजीने कोणाशी वाद घातला नाही. त्या दिवशी संध्याकाळी तो चावीवर बसला नाही, लसणाच्या वाफ्यात निंदण काढत बसला. हौसाबाईने विचारले, बरे नाही का? तो म्हणाला, गवत फार झाले आहे. गवत तिनेच दुपारी काढलेले होते.

दुसऱ्या दिवशी तो बाबूजींकडे गेला आणि सांगितले की सगळ्यांचे सगळ्याला हो आहे. बाबूजींना ते खरे वाटेना. या चार माणसांचे चहात साखर किती यावरही कधी एकमत झालेले त्यांनी पाहिले नव्हते. त्यांनी दार लोटून घेतले आणि हळूच म्हणाले की इंग्रजीच्या कलमापुढे आपण 'नाही' असे लिहून टाकू, नागपूरचा माणूस काही वाशीमात विचारायला येत नाही.

पुंजाजीने लोटलेले दार पुन्हा उघडले.

"बाबूजी," मग तो म्हणाला, "तुमी इतके वर्षं तारा वाटल्या. कोनाची मयतीची तार आली तं तुमी तिच्यात लगनाचं लिवलं काय?"

"नाही."

"मंग? आली तशी धाडा."

बाबूजींनी तरीही पत्रक उशाखाली ठेवून दिले. मुदत अजून थोडी होती आणि तारऑफिसातला माणूस मुदत असेपर्यंत घाई करीत नाही.

भरलेली बॅटरी खांद्यावर घेऊन भाऊसिंग मळ्यात आले ते त्याच संध्याकाळी. पाहतात तर झोपडी बंद आणि पुंजाजी पुन्हा वाफ्यात.

"काहून रे, चावीवर नाई बसला आज? तुया लंकेवाला वाट पाहून राह्यला असंन."

"आता कायले बसू? तुमीच तं हो म्हनलं."

"कायले हो म्हनलं मी?"

"इंग्रजी येत नाई त्यानं हात लावू नये. इचारलं तं हो म्हनलं. साऱ्यायनंच म्हनलं."

भाऊसिंगांनी बॅटरी जपून खाली ठेवली. पुंजाजी चेष्टा करतो आहे की काय, हे त्यांनी आधी त्याच्या तोंडाकडे पाहून ठरवले.

"अबे, टोपलं भरेल होतं तुयं," ते म्हणाले. "फडकं बी नव्हतं सोडलं. बोहनीच्या टायमाले दारावरच्या मानसाले नाई कसं म्हनाव? तुया दिवस बरबाद झाला असता. तू म्हनला असता, भाऊसिंग, हिरीत उडी टाकता काय, तरी मी हो म्हनलं असतं. अन मंग दुपारी येऊन सांगतलं असतं का नाई टाकत."

"मंग दुपारी काहून नाई आले?"

"मले वाटलं तुले समजलं असंन. माळी तू हायेस का मी?"

बोहणीला नाही म्हणायचे नसते हे पुंजाजीला आईच्या दुधाबरोबर मिळालेले ज्ञान होते. त्यावर त्याचे पोट चालले होते. गिऱ्हाइकाने नको असलेली जुडी घेतली की ते बोहणीचे घेणे, आवडीचे नव्हे, हे तो नजरेने ओळखी. फक्त मत हीसुद्धा टोपल्यातलीच वस्तू आहे, हे त्याच्या लक्षात आले नव्हते.

हौसाबाई विहिरीवरून घागर घेऊन येत होती. तिने सगळे ऐकले होते. "वांगे इकाच्या टायमाले मत इचारलं तं वांग्याचंच मत भेटंन," ती म्हणाली आणि घागर न उतरवता पुढे गेली.

भाऊसिंगांचे खरे मत मग तिथेच, वाफ्यात उभ्या उभ्या घेण्यात आले. ते नाही असे होते आणि त्यात एक-दोन शब्द असे होते की जे नागपूरला कळवता येण्यासारखे नव्हते.

मते नव्याने गोळा करायला हवी होती. बाबूजी म्हणाले की इतक्या वर्षांत अशी भानगड पाहिली नाही. पण त्यांची कळी खुलली होती. या खेपेला पुंजाजी संध्याकाळी निघाला, रिकाम्या हातांनी. याचा व्हायचा तो परिणाम झाला. पुंजाजी माळी बिनटोपल्याचा, तोही दिवेलागणीला दारात उभा, हे वाशीमात कोणी पाहिले नव्हते. पंजाबराव मास्तरांच्या आईने आतूनच विचारले, कोण गेलं? कोणी नाही, मत पाहिजे आहे, असे सांगितल्यावरही तिचा जीव काही वेळ थाऱ्यावर आला नाही.

मास्तर त्या कलमाच्या विरुद्ध होते. इतके विरुद्ध होते की त्यांनी शिवकालापासून दाखले दिले, आणि ओघात तारेच्या उंचीच्या कलमालाही विरोध करून टाकला. नायकांनी, तांड्यावर बसून ऐकल्यावर, असे सांगितले की हे एकट्याने बोलण्याचे काम नाही. मंडळाचा सभासद मी असलो तरी बांबू तांड्याचा आहे. मग जाणती माणसे जमली. कलम त्यांना तांड्याच्या गोरमाटी बोलीत समजावण्यात आले. बोलणे पुष्कळ झाले, त्यातले पुंजाजीला थोडेच कळले. शेवटी नायक म्हणाले की तांड्याचे म्हणणे असे आहे: बैल ज्याच्या हाताला लागला, गाडी त्यानेच हाकावी.

राहिले वकील.

त्र्यंबकराव कंदिलापाशी कागद चाळत होते. पुंजाजीला पाहून त्यांनी चष्मा काढला. भाऊसिंगांकडून हकीकत त्यांच्या कानावर आलेली होती.

"पुंजाजी, त्या दिवशी मी हो म्हणालो ते बोहणीसाठी."

"मालूम झालं, साहेब."

"आज बोहणी नाही. आजही माझं मत हो आहे."

पुंजाजी ओट्याच्या कडेला टेकला. वकिलांनी सावकाश कारण सांगितले. परवाना हिरालालबाबूंचा. यंत्रावरून काय बोलले गेले याचा जाब उद्या सरकार त्यांना विचारणार. समोरून इंग्रजीत काही विचारले, बजावले, आणि चावीवरच्या माणसाला ते कळलेच नाही, तर परवाना जाईल तो म्हाताऱ्याचा. "तुझा हात वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुला काय बोललं जातंय ते तुला कळत नाही, एवढंच म्हणतो."

"हे मले आवडलं नाई," पुंजाजी म्हणाला. "पन समजलं."

तो उठला नाही. आत भांड्यांचा आवाज चालला होता.

"साहेब, इंग्रजी येनारा बाजूले बसला तं?"

"कोण बसणार रोज?"

"ते मी कसं सांगू? मी मतं गोळा कराले आलो."

त्र्यंबकरावांचा एक स्वभावदोष होता. हाती आलेले कोणतेही कलम ते होते तसे पुढे जाऊ देऊ शकत नसत. त्यांनी चष्मा परत लावला आणि टाक घेतला. लिहिताना ते खूश दिसत होते. चावीस हात लावू नये, याच्यापुढे त्यांनी इतकेच घातले: मात्र इंग्रजी जाणणारा सभासद शेजारी बसलेला असल्यास ही मनाई लागू नाही.

सगळी मते अकोल्याच्या मोटारीने वेळेत गेली. थंडी संपता संपता संघाचे उत्तर आले. प्रांतातल्या बहुतेक शाखांनी काहीच कळवले नव्हते. त्यांची संमती धरण्यात आली होती आणि कलम मंजूर झाले होते. वाशीमच्या विरोधाची नोंद घेतल्याचे लिहिले होते. दुरुस्ती मात्र सगळ्या प्रांतातून ही एकच आली होती, आणि आलेली दुरुस्ती कोठेतरी बसवावी म्हणून संघाने ती बसवली होती.

आता शेजारी बसायला इंग्रजी जाणणारा सभासद पाहिजे होता. बाबूजी रविवारचे. मास्तरांच्या संध्याकाळच्या शिकवण्या. नायक आणि भाऊसिंग हे पुंजाजीच्याच पंक्तीतले. राहता राहिले दुरुस्तीचे कर्ते.

त्र्यंबकराव आले ते छत्री, पानाचा डबा आणि एका दाव्याचे कागद घेऊन. त्यांच्यासाठी कांदे सरकवून खुर्ची मांडण्यात आली. डास फार होते. हौसाबाईने कडुनिंबाचा धूर केला, त्याने डास गेले नाहीत पण वकील दिसेनासे झाले. पुंजाजी चावीवर बसला. हाक घातली. थोड्या वेळाने सिलोनवाला बोलू लागला.

"काय म्हणतो?" वकिलांनी धुरातून विचारले.

"तुमाले इंग्रजी येते ना, साहेब?"

वकिलांनी कान देऊन ऐकले. त्यांना टिचक्या ऐकू आल्या. इंग्रजी जाणणाऱ्याला टिचक्या कळत नव्हत्या, टिचक्या कळणाऱ्याला इंग्रजी येत नव्हते. नियमाची पूर्तता मात्र झाली होती.

काही दिवस असेच गेले. एके दिवशी दाव्याचे कागद घरी राहिले आणि वकिलांना वेळ जाईना. ते म्हणाले, येतात ती अक्षरे तू नुसती मोठ्याने बोल, मी लिहितो. पुंजाजी बोलत गेला. वकील दाव्याच्या रिकाम्या पाकिटावर लिहीत गेले. मग लिहिलेले त्यांनी वाचले, आणि पुन्हा वाचले.

"हे शेवटचं, हे तो रोज म्हणतो का?"

"रोजच. मी त्याले रामराम समजतो. मीबी तेच म्हनतो मंग."

"तो तुझं नाव विचारतोय, पुंजाजी."

पुंजाजीचा हात चावीवरच होता. रोज तो माणूस नाव विचारीत होता आणि पुंजाजी रोज त्याला त्याचेच नाव विचारून उठत होता. इतके दिवस त्याने काय समजून उत्तरे दिली असतील, हे तोच जाणे.

"सांग त्याला," वकील म्हणाले आणि एकेक अक्षर सांगू लागले. पुंजाजीने आपले नाव सावकाश दिले. मधले एक अक्षर त्याच्या नेहमीच्या घोटाळ्यात चुकले असावे. पलीकडून जरा वेळ काही आले नाही. मग अक्षरे आली, वकिलांनी लिहिली.

"पेरेरा," त्यांनी वाचले.

हौसाबाई दारात उभी होती. तिने आडनाव नीट ऐकून घेतले आणि रावण नव्हे ना, एवढी खात्री करून ती चुलीकडे गेली.

त्यानंतर वकील दाव्याचे कागद आणीनासे झाले. रिकामी पाकिटे आणू लागले. पेरेराला विहीर किती खोल आहे ते विचारायचे असे, पुंजाजीला तिकडे मेथी होते का ते विचारायचे असे, आणि वकिलांना दोघांचे प्रश्न मुद्देसूद करायचे असत. एका संध्याकाळी एक प्रश्न जाई, दुसऱ्या संध्याकाळी उत्तर येई. मेथी तिकडे होत नाही.

पावसाळ्याच्या अखेरीस विलायतेत युद्ध सुरू झाले. सरकारने देशातल्या सगळ्या हौशी लोकांचे परवाने रद्द केले. कचेरीतून माणसे आली, यंत्र गोणपाटात बांधून लाखेची मोहर मारून घेऊन गेली. तार उतरवली. इंग्रजी येणारे आणि न येणारे असा भेद या वेळी करण्यात आला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्र्यंबकराव छत्री घेऊन मळ्यात आले. आल्यावर त्यांच्या लक्षात आले, की आता बसण्याचे कारण उरलेले नाही. पण खुर्ची होती तिथेच होती. ते बसले. पुंजाजी मोकळ्या टेबलावर कांदे पसरून निवडत होता.

"पेरेराची बी चावी नेली असंन काय?" पुंजाजीने विचारले.

"तिथंही हेच सरकार आहे. नेली असेल."

"मंग तो आता काय करून राह्यला असंन?"

वकिलांनी पानाचा डबा उघडला, चुना शोधला, पानाला लावला.

"बसला असेल," ते म्हणाले.

पुंजाजीने मान हलवली आणि निवडलेले कांदे एका बाजूला केले.